मसाला दुधाचा परफ्यूम करायचा, तर मोजायचं काय?

समजा, पीएचडीच्या मुलाखतीला तुम्ही बसला आहात. समोरच्या मॅडम विचारतात, "मसाला दुधाच्या वासाचा परफ्यूम करायचाय. यात संशोधनाचा प्रश्न कोणता?"

बहुतेकांचं उत्तर असं असतं: दुधात केशर, वेलदोडा, जायफळ असतं. प्रत्येकाचं तेल काढू, जीसी-एमएसवर चालवू, जे घटक सापडतील ते अल्कोहोलमध्ये एकत्र करू. ऐकायला ठीक वाटतं, पण ही झाली कृती, प्रश्न नव्हे. बरं, कृती म्हणूनही ती फसते. असं मिश्रण हुंगलं तर मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं, थोडी बामची आठवण येते, आणि दूध कुठेच नसतं. दूध कुठे गेलं, हे विचारायला लागलात की खऱ्या प्रश्नाजवळ आलात. आजचा लेख त्याबद्दल आहे.

खाण्याच्या पदार्थांची आठवण करून देणाऱ्या परफ्यूमना 'गूरमाँ' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ साधारण 'खाण्याचा शौकीन'. या प्रकाराची सुरुवात बहुतेक ठिकाणी 1992 च्या 'एंजल'पासून सांगतात. थिएरी म्युगलर या फॅशन डिझायनरच्या नावाने तो आला, आणि बनवणाऱ्यांत मुख्य नाव ऑलिव्हिए क्रेस्प यांचं. त्यात एथिल माल्टॉल सढळ हाताने वापरलं होतं. एथिल माल्टॉलचा वास कसा, तर जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा, म्हणजे नुकत्या वितळलेल्या साखरेचा. त्याला जोड दिली पॅचौलीच्या मातकट, जड वासाची, म्हणून तो नुसता मिठाईचा वास राहिला नाही. त्याआधी 1925 च्या 'शालिमार'मध्ये एथिल व्हॅनिलिन होतंच, पण तेव्हा त्याला कोणी गूरमाँ म्हणत नव्हतं.

आता एक सूचना: तुमचा लिटरेचर रिव्ह्यू 1992 पासून सुरू करू नका. 'खायचा वास' आणि 'लावायचा वास' यांच्यातली भिंत आपल्याकडे कधी फार पक्की नव्हती. वाळा माठात पडतो आणि अत्तरातही जातो, गुलाब गुलकंदात आणि गुलाबदाणीत दोन्हीकडे, केवड्याचंही तेच. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात अन्न, पेयं आणि अंगाला लावायची सुगंधी विलेपनं हे सगळे राजाचे 'उपभोग' म्हणून एकाच भागात येतात. गंगाधराचा 'गंधसार' हा तर सुगंधशास्त्रावरचाच संस्कृत ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याची हस्तलिखित पोथी अभ्यासकांपुढे आणली. पुढे 1989 मध्ये बडोद्याहून त्याची छापील आवृत्ती निघाली, आणि त्याच पुस्तकात 'गंधवाद' नावाचा दुसरा ग्रंथ आहे ज्याला जुनी मराठी टीका आहे. सुगंधद्रव्यं कशी करायची यावर मराठीत लिहिलेलं, इतकं जुनं! रसायनशास्त्राचे विद्यार्थी हे कधी उघडत नाहीत, कारण ते सायन्स डायरेक्टवर सापडत नाही.

आणि हे सगळं पॅरिसचं काम आहे, असंही समजू नका. मी राहते कोलशेतला. या रस्त्यावर एकेकाळी सँडोजचा कारखाना होता. 1995 मध्ये सँडोजपासून क्लॅरिअंट वेगळी झाली आणि कारखाना तिच्याकडे गेला. आता तिथे टॉवर उभे आहेत. पण इथून मुलुंड फार लांब नाही, आणि मुलुंडची एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 पासून सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात आहे. मुलुंडच्याच वझे कॉलेजमध्ये परफ्यूमरीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. कनौजला 1991 पासून सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे. म्हणजे हा विषय घेतलात तर बोलायला माणसं जवळपास मिळतील.

आता दुधाकडे येऊ.

कच्च्या ताज्या दुधाला जवळजवळ वासच नसतो. आपण ज्याला 'दुधाचा वास' म्हणतो तो बराचसा गॅसवर तयार होतो. साधारण 75 अंशांच्या आसपास दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडायला लागतं आणि गंधकाची संयुगं सुटतात. तापल्या दुधाचा पहिला वास तो. दूध आटवत नेलं की लॅक्टोज साखर आणि प्रथिनं यांच्यात माइलार्ड अभिक्रिया होते. तिच्यातून माल्टॉल, फ्युरॅनिऑल अशी कॅरामलकडे झुकणारी संयुगं येतात. तिसरा भाग स्निग्धांशाचा. दुधाच्या फॅटमध्ये काही हायड्रॉक्सी आम्लं अडकलेली असतात. उष्णतेने ती सुटतात आणि स्वतःभोवती वळून रिंग तयार करतात. हे लॅक्टोन. डेल्टा-डेकालॅक्टोन त्यातलं महत्त्वाचं, वास लोण्या-सायीसारखा, किंचित नारळाकडे जाणारा. बासुंदीच्या कढईवर नाक नेल्यावर जे भरून येतं, त्यात लॅक्टोनचा मोठा वाटा असतो.

म्हणून 'मसाला दूध' असं एकच नमुन्याचं नाव लिहून चालणार नाही. फुल क्रीम दुधात नियमानुसार किमान 6 टक्के फॅट, टोन्डमध्ये 3 टक्के. तबेल्यातून येणारं म्हशीचं दूध आणखी वेगळं. किती आटवलं, कोणत्या भांड्यात, साखर आधी घातली की नंतर, हे सगळे तुमचे व्हेरिएबल आहेत. आईच्या हातचं दूध प्रयोगशाळेत आणायचं तर आधी आईच्या हाताला थर्मामीटर लावावा लागतो.

(जाता जाता, नावांवर विश्वास ठेवू नका. परफ्यूमवाले ज्याला 'आल्डिहाइड सी-14' म्हणतात तो आल्डिहाइड नाही आणि त्यात चौदा कार्बनही नाहीत. तो गॅमा-अनडेकालॅक्टोन आहे, कार्बन अकरा, वास पीच फळाचा. 'आल्डिहाइड सी-18' म्हणजे गॅमा-नोनालॅक्टोन, कार्बन नऊ, वास खोबऱ्याचा. जुनी व्यापारी नावं तशीच चिकटून राहिली आहेत. रसायन मागवताना सीएएस क्रमांक लिहायचा, नाव नाही.)

दुधाचा वास नेमक्या कोणत्या रेणूंमध्ये आहे हे शोधायला बसलात की गॅस क्रोमॅटोग्राफीचा आलेख समोर येतो. त्यात सुळके असतात, काही उंच, काही अगदी बुटके. नवशिक्याची नजर उंच सुळक्यांवर जाते. उंच सुळका म्हणजे जास्त प्रमाण, हे खरं. पण जास्त प्रमाण म्हणजे जास्त वास, हे खरं नाही.

केशराचं उदाहरण घ्या. त्याचा रंग क्रोसिनचा, कडवट चव पिक्रोक्रोसिनची. हे दोन्ही नाकापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे केशर म्हटल्यावर आपल्याला जे आधी आठवतं त्यातलं बरंचसं परफ्यूमच्या कामाचंच नाही. वास मुख्यतः सॅफ्रनालचा, असं पाठ्यपुस्तकात असतं, आणि आलेखातही त्याचा सुळका सर्वांत मोठा दिसतो. पण माणसाच्या नाकाने तपासल्यावर लॅनिएरोन नावाचं एक संयुग समोर आलं. प्रमाणाने अगदी नगण्य, पण वास थेट केशराचा, सुकलेल्या गवतासारखा. मजा म्हणजे हे नाव केशरामुळे पडलेलं नाही. पाइनच्या झाडावरचा एक भुंगेरा आपल्या भाईबंदांना बोलावण्यासाठी ते वापरतो, आणि त्या कीटकाच्या अभ्यासातून ते नाव आलं. केशराचा शोध घेताना कीटकशास्त्राचं जर्नल वाचावं लागेल, असं कोणाला वाटलं असतं?

'माणसाच्या नाकाने तपासणं' हा शब्दप्रयोग मी अलंकारिक अर्थाने करत नाहीये. गॅस क्रोमॅटोग्राफी-ओल्फॅक्टोमेट्री या पद्धतीत कॉलममधून बाहेर येणारा वायू दोन वाटांनी जातो: एक यंत्राच्या डिटेक्टरकडे, दुसरी एका छोट्या नळीतून खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नाकाकडे. तो माणूस कुठल्या मिनिटाला कसला वास आला ते सांगत राहतो. मग अर्क दुप्पट पातळ करायचा, पुन्हा हुंगायचा, परत पातळ करायचा. सर्वांत शेवटपर्यंत जे वास टिकतात ते महत्त्वाचे. जर्मनीत ग्रोश यांच्या गटाने 1980 च्या दशकात ही पातळ करत जायची पद्धत बसवली.

त्यातून पुढे आलेली एक साधी संकल्पना पाठ करून ठेवा: गंधमूल्य. पदार्थातलं प्रमाण भागिले त्या संयुगाचा गंध-उंबरठा, म्हणजे ज्याच्या खाली नाकाला ते कळतच नाही ती पातळी. आकडे काल्पनिक घेऊ. 'क' हे संयुग किलोमागे 500 मायक्रोग्रॅम आहे आणि त्याचा उंबरठा 1000. गंधमूल्य आलं 0.5. सुळका भलामोठा, पण नाकाच्या हिशोबी तो नाहीच. 'ख' फक्त 2 मायक्रोग्रॅम, पण उंबरठा 0.05, गंधमूल्य 40. परफ्यूमवाल्याला 'ख' हवा. आणि 'ख'चा सुळका कदाचित तुम्ही 'नॉइज' म्हणून सोडून दिला असेल.

इथेही एक खाच आहे. उंबरठा हा रेणूचा जन्मजात गुण नाही, तो माध्यमावर ठरतो. डेल्टा-डेकालॅक्टोनला फॅट आवडतं, त्यामुळे पाण्यात ते जितक्या लवकर कळतं तितक्या लवकर तेलात कळत नाही. पाण्यातला उंबरठा पुस्तकातून उचलायचा आणि सायीच्या दुधाला लावायचा, असं पेपरांमध्येही दिसतं. परीक्षक म्हणून मी असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

अर्क काढण्याची पद्धतही निष्पाप नसते. दुधातले सुगंधी घटक वेगळे करायला तुम्ही वाफेचं ऊर्ध्वपातन वापरलं, तर तुम्ही दूध आणखी तासभर शिजवत असता. नवे लॅक्टोन, नवी माइलार्डची संयुगं तिथेच तयार होतात आणि तुम्ही ती 'मसाला दुधात सापडली' म्हणून लिहिता. म्हणून कमी दाबाखाली, कमी तापमानात चालणारं 'सेफ' ऊर्ध्वपातन (1999 पासून प्रचलित) किंवा दुधाच्या वरच्या हवेतूनच नमुना घेणारा एसपीएमई धागा वापरतात. धाग्याचेही लाड असतात, काही रेणू त्याला जास्त आवडतात, काही कमी. दोन पद्धती वापरा आणि त्यांची तुलना हाच प्रबंधाचा एक धडा करा, हे माझं वैयक्तिक मत.

बरं, यादी तयार झाली. पंधरा-वीस संयुगं, प्रत्येकाचं प्रमाण माहीत. आता सिद्ध कसं करायचं की दूध 'सापडलं'? ती संयुगं त्याच प्रमाणात एकत्र करायची आणि मूळ दुधाशेजारी ठेवायची. मग एकेक संयुग वगळून बघायचं: कोणतं काढल्यावर लोकांना फरक कळतो? तीन बरण्या ठेवतात, दोन सारख्या, एक वेगळी; वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येणारच, म्हणून 24 जणांच्या पॅनेलमध्ये किमान 13 बरोबर आले तरच 5 टक्के पातळीवर फरक मानायचा. कितीही देखणा सुळका असला तरी त्याचं संयुग वगळल्यावर 24 पैकी नऊच जणांना कळलं, तर तो फॉर्म्युल्यात का आहे याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

आणि आता पहिल्या प्रश्नाकडे: ते तेलांचं मिश्रण बामसारखं का वाटतं? वेलदोड्याच्या तेलात दोन घटक मोठे असतात. अल्फा-टर्पिनिल ॲसिटेट हे गोडसर, मऊ. आणि 1,8-सिनिओल, म्हणजे नीलगिरीच्या तेलातलं तेच. ग्लासातल्या दुधात फॅट या सगळ्यांना धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. परफ्यूममध्ये फॅट नाही. अल्कोहोल उडून जातो, मनगटाची त्वचा साधारण 32 अंशांवर असते, आणि सिनिओल पहिल्या काही मिनिटांत उसळून येतं. व्हॅनिलिनसारखे जड रेणू मात्र तासन् तास मागे राहतात. ग्लासात सगळे एकत्र भेटतात, मनगटावर ते रांगेने येतात. त्यामुळे दुधाचं विश्लेषण अचूक असलं तरी त्याची नक्कल परफ्यूम होत नाही. प्रमाणं बदलावी लागतात, काही रेणूंच्या जागी त्याच वासाचे पण सावकाश उडणारे दुसरे घ्यावे लागतात. हे काम परफ्यूमरचं, आणि ते शास्त्रापेक्षा कमी दर्जाचं अजिबात नाही.

याहून मोठी अडचण म्हणजे दूध आपण पितो. पिताना वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि त्याच क्षणी जिभेवर साखर असते, ओठांवर साय असते. परफ्यूमकडे यातलं काही नाही. मग 'गोड' कुठून आणायचं? गोड ही चव आहे, रेणूचा वास गोड नसतो. आपण आयुष्यभर काही वास साखरेबरोबर घेतलेले असतात, म्हणून ते वास आपल्याला 'गोड' वाटतात. फ्रेंच परफ्यूमर त्यासाठी व्हॅनिला आणि जळकी साखर वापरतो, कारण त्याच्या बालपणीच्या गोडात तेच होतं. आपल्याकडे गोडाबरोबर काय आलं? शिऱ्यात वेलदोडा, श्रीखंडात केशर, पुरणात जायफळ. तर मग ठाण्यातल्या माणसाच्या नाकाला व्हॅनिलिनशिवाय, नुसत्या वेलदोड्या-जायफळाने परफ्यूम गोड वाटेल का? पॅरिसमधल्याला वाटेल का? किती फरकाने? मॅडमना द्यायचं उत्तर हे. हा प्रश्न मोजता येतो, चुकीचा ठरू शकतो, आणि दोन्ही निकाल कामाचे आहेत.

पियुष घेतलंत तर प्रश्न आणखी चावट होतो. मसाला तोच, पण आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, आणि ते फारसं उडतच नाही. म्हणजे पियुषचा आंबटपणा जवळजवळ पूर्ण जिभेवर आहे. नाकाला मिळतं ते विरजणातलं डायअसिटिल वगैरे, लोण्यासारखं. पियुषचा परफ्यूम कोणाला ओळखूच आला नाही तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पॅनेल बसवलंत की भाषेचा प्रश्न येतो, आणि याकडे विज्ञानाचे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात. पॅनेलला दिली जाणारी वर्णनशब्दांची यादी बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेली असते. त्यात दुधासाठी 'क्रीमी', 'मिल्की', 'कुक्ड' असं काहीतरी असतं. आता आपल्या स्वयंपाकघरात ऐका. दूध तापलंय, उतू गेलंय, लागलंय, नासलंय. 'दूध लागलंय' हे दुसऱ्या खोलीतून, नुसत्या वासावरून सांगता येतं, आणि घरातले सगळे एकमताने मान्य करतात. खमंग आणि खरपूस यांत फरक आहे. खरपूस थोडं पुढे गेलं की करपट. खोबरं खवट होतं, तेल खवट होतं, दूध खवट होत नाही. हे शब्द मोघम नाहीत, यांच्यामागे वेगवेगळं रसायनशास्त्र आहे: खवटपणा फॅटच्या ऑक्सिडेशनचा, खमंगपणा माइलार्डचा.

2014 मध्ये आसिफा माजिद आणि निक्लास ब्युरेनहुल्ट यांनी मलेशियातल्या जहाई भाषकांवरचा अभ्यास छापला. इंग्रजी भाषकांना वासाला नाव देताना अडखळायला होतं, तर जहाई लोक रंगांइतक्याच सहज वासांना नावं देतात, असं त्यांना दिसलं. तोपर्यंत माणसाला वास शब्दांत पकडता येत नाहीत, असंच धरून चालत होते. मराठी जहाईइतकी समृद्ध आहे असा दावा मी करत नाही. पण पॅनेलला आधी त्यांचे शब्द विचारा, मग प्रत्येक शब्दाला एक बरणी ठरवा. 'लागलेलं दूध' म्हणजे अमुक भांड्यात, अमुक मिली, अमुक मिनिटं. व्याख्या डिक्शनरीत नको, बरणीत हवी. असं केलं नाही तर 'क्रीमी' या एका खुणेखाली साय, लोणी आणि बासुंदी अशी तीन वेगळी उत्तरं जमा होतील, आणि तुमचं स्टॅटिस्टिक्स कितीही चांगलं असलं तरी ती वेगळी करता येणार नाहीत.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. "हे सगळं आपण खातो, मग लावायला काय हरकत?" असं प्रपोजलमध्ये लिहू नका. जायफळाच्या तेलात सॅफ्रोल आणि मिथिल युजेनॉल असतं, दोन्हींवर सौंदर्यप्रसाधनांत कडक मर्यादा आहेत. सॅफ्रनालवरही आयएफआरए या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने बंधन घातलं आहे, म्हणून बाजारातल्या 'केशरी' परफ्यूममध्ये बहुधा पर्यायी रेणू असतात. आणि डायअसिटिल, जे लोण्यात निरुपद्रवी असतं, ते 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या पॉपकॉर्न कारखान्यात कामगारांच्या फुप्फुसांचा गंभीर आजार समोर आल्यावर चर्चेत आलं. कामगार ते खात नव्हते, दिवसभर श्वासात घेत होते.

त्याच कारणाने, हुंगण्याचं पॅनेल म्हणजे माणसांवरचा प्रयोग ठरतो. संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी, संमतिपत्रं मराठीत, ॲलर्जी आणि दम्याची विचारणा, हे सगळं आधी लागतं. कमिटीच्या बैठका रोज होत नाहीत. येत्या कोजागरीच्या सुमाराला पॅनेल बसवायचं मनात असेल तर अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीतच लिहून ठेवा, आणि संमतिपत्राचा मसुदा आधी घरातल्या एखाद्या मावशी-आजीला वाचायला द्या. त्यांना जिथे थांबावं लागेल तिथलं वाक्य बदला.